रोजचा आवाज

प्रिय भूमिका,

पाकिटावर ऋषिकेशचं नाव नाही, तुझं आहे, हे पाहून तुला नवल वाटलं असेल. पण ते चुकून झालेलं नाही. ऋषीशी माझं फोनवर बोलणं होतं ते कसं असतं, तुला ठाऊक आहे. तो विचारतो, जेवलीस का? मी सांगते, जेवले. तो विचारतो, बाबा कसे आहेत? मी सांगते, बरे आहेत. मग दोघंही फोन ठेवतो. मागे कुठेतरी तू भांडी लावत असतेस, त्यांचा आवाज मला इथे नागपुरात ऐकू येतो. तुझा येत नाही. मला जे सांगायचं आहे ते बरंच लांब आहे आणि ते तुलाच सांगायचं आहे, म्हणून कागद घेऊन बसले. शिवाय घरात फोनवर काहीही बोललं तरी तुझ्या सासऱ्यांना ऐकू जातं. त्यांचे कान अजून फार तिखट आहेत.

तू या घरात एकदाच आलीस, तीही एका रात्रीपुरती. त्यामुळे तुझे सासरे आधी कसे होते हे तुला माहीत असण्याचं कारण नाही, आणि ऋषी ते सांगत बसला असेल असं मला वाटत नाही. ते कळमन्याच्या फळबाजारात एका अडत्याकडे हर्रास बोलायचे. हर्रास म्हणजे लिलाव. काटोल, कळमेश्वर, वरूड अशा गावांतून संत्र्यांच्या गाड्या येतात, माल खाली उतरतो, ढीग लागतात, व्यापारी भोवती उभे राहतात, आणि एक माणूस उंचावर चढून भाव पुकारतो. तो माणूस म्हणजे तुझे सासरे. आंबिया बहाराची संत्री यायची त्या दिवसांत दहा ठिकाणी दहा जण ओरडत असायचे, तरी गणपतरावांचा आवाज वेगळा ओळखू यायचा. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनी मुलगा आधी पाहिला नव्हता, ऐकला होता. आमच्या शेतातली संत्री घेऊन ते बाजारात गेले होते आणि घरी येऊन आईला म्हणाले होते, पोराचा आवाज खरा आहे, खोटं बोलणाऱ्याचा असा नसतो. त्यात किती तथ्य आहे देव जाणे. पण मी त्या आवाजाच्या भरवशावर या घरात आले. मी कळमेश्वरच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायचे. दिवसभर पोरांच्या गलक्यातून घरी आलं की दारातूनच त्यांची हाक ऐकू यायची, आणि मला कधी वाटलं नाही की हे घर जरा शांत असतं तर बरं.

ऋषी लहान असताना त्यांचं ओरडणं त्याला आवडायचं नाही. शाळेच्या मैदानावर ते त्याला हाक मारायचे आणि सगळी मुलं वळून बघायची. तो लाजून चूर व्हायचा. हे मी सांगते आहे कारण पुढे जे झालं ते तो कसं समजला असेल हे मला यातून थोडं कळतं. ज्या बापाचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो तो बाप गप्प बसला, तर त्याचा अर्थ मुलगा एकच लावणार.

तुम्ही दोघांनी हैदराबादला नोंदणी पद्धतीने लग्न केलंत आणि मग दिवाळीला आलात. लग्नाला आम्हाला बोलावलं नाही याचं मला वाईट वाटलं होतं, ते मी लपवत नाही. तुझे सासरे मात्र त्या आठवड्यात मला दोनदा म्हणाले की पोरांनी त्यांच्या अकलेनं केलं, आता आपण आपल्या अकलेनं वागू. त्यांनी स्वतः सीताबर्डीला जाऊन तुझ्यासाठी साडी आणली. दुकानदाराला त्यांचं बोलणं ऐकू येईना, तेव्हा वैतागून परत आले आणि दुसऱ्या दुकानात गेले. मला तेव्हा हसू आलं होतं. तुम्ही आलात तेव्हा ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. तू वाकून नमस्कार केलास. ते तुझ्याकडे पाहत राहिले. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तू वाकलेलीच राहिलीस, मग उठलीस, त्यांच्याकडे एकदा पाहिलंस आणि आत गेलीस. मी ओट्याजवळ उभी होते. मला त्यांचे ओठ हलल्यासारखे वाटले, पण बाहेर फटाके चालू होते आणि मला तुझ्या मागे यायची घाई होती. दुसऱ्या दिवशी तुम्ही सकाळच्याच गाडीने निघालात. साडी मी तुझ्या पिशवीत ठेवली, ती तू नेसलीस की नाही मला माहीत नाही. त्यानंतर ऋषीने दोन वेळा फोन केला, दोन्ही वेळा बाबांना दे म्हणाला. दोन्ही वेळा त्यांनी फोन कानाला लावला आणि थोड्या वेळाने माझ्या हातात परत दिला. ऋषी मला म्हणाला, ते बोलतच नाहीत आई, मी किती वेळ हॅलो हॅलो करू. आणि इकडे हे म्हणाले, तो माझं ऐकून घेत नाही. मी दोघांच्या मध्ये उभी होते आणि मला वाटलं, दोघंही सारख्याच हट्टी रक्ताचे आहेत.

त्या हिवाळ्यात आमच्या घरात एक नवीन भांडण सुरू झालं. ते काही बोलायचे, मला ऐकू यायचं नाही, मी म्हणायचे, काय? ते पुन्हा बोलायचे, मी पुन्हा म्हणायचे, काय? मग ते चिडायचे. "काहून वं, कान फुटले का तुये?" हेसुद्धा ते इतक्या हळू म्हणायचे की ते मला ओठांवरून समजायचं. किराण्याचा माणूस बहिरा झाला, बँकेतली मुलगी बहिरी झाली, वरच्या मजल्यावरचे मनोहरराव तर कोराडीच्या वीज केंद्रात आयुष्य काढलेले, मशीनच्या आवाजाने त्यांचे कान गेलेच असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. शेवटी उन्हाळ्याच्या तोंडाशी ते मला धंतोलीत कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. मी गेले, कारण मलाही शंका यायला लागली होती. डॉक्टरांनी माझ्या कानाला यंत्र लावून सगळं तपासलं आणि म्हणाले, बाई, तुमचे कान वयाच्या मानाने उत्तम आहेत. मग ते ह्यांच्याकडे वळले. नाव विचारलं. पुन्हा एकदा सांगा म्हणाले. मग त्यांना दारापर्यंत चालून दाखवायला सांगितलं, कागदावर चार ओळी लिहायला सांगितल्या. ते चालले तेव्हा त्यांचा उजवा हात अंगाला चिकटून होता, डावा हलत होता. लिहिलं ते सुरुवातीला बरं होतं आणि ओळीच्या शेवटी मुंगीएवढं झालं होतं. इतके दिवस ते माझ्यासमोर चालत होते, भाजीच्या चिठ्ठ्या लिहीत होते, आणि मी ते पाहिलं नव्हतं.

त्याला कंपवात म्हणतात, भूमिका. मेंदूच्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. आपल्याला वाटतं की कंपवात म्हणजे हात थरथरणार. त्यांचे हात थरथरत नव्हते. त्यांचा आवाज कमी झाला होता आणि चेहरा हलायचा थांबला होता. डॉक्टर म्हणाले, असं बऱ्याच जणांचं होतं. आतून माणूस हसतो, रडतो, चिडतो, पण चेहऱ्यापर्यंत ते पोचत नाही आणि समोरच्याला वाटतं हा रागावलाय. मी तिथे बसल्या बसल्या तुझ्या त्या नमस्काराचा दिवस पुन्हा पाहिला. पण मी काही बोलले नाही. मला वाटलं, ह्यांच्या मनात आत्ता स्वतःच्या आजाराचं एवढं मोठं ओझं आहे, त्यात हे कशाला.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आम्हाला रामदासपेठेत एका स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. वंदना मॅडम त्यांचं नाव, आपल्या ऋषीपेक्षाही लहान असतील. त्यांनी टेबलावर मोबाइल ठेवला, त्यात आवाज मोजायचा काटा होता. म्हणाल्या, काका, तुम्ही बाजारात बोलायचात तसं बोला. ह्यांनी छाती भरून, मान ताठ करून भाव पुकारला. काटा जेमतेम हलला. ते म्हणाले, तुमचं यंत्र बिघडलं आहे. मग त्यांनी तेच रेकॉर्ड केलेलं ऐकवलं. लांबच्या खोलीत कोणी आजारी माणूस पुटपुटावं तसा आवाज आला. हे कान लावून ऐकत राहिले आणि म्हणाले, "हा कोन बोलून राह्यला?" मॅडमनी सांगितलं, काका, हे तुम्हीच आहात. ह्या आजारात मेंदू फसवतो, तुम्हाला वाटतं तुम्ही ओरडताय, आणि बाहेर येतं ते एवढंच. तुम्हाला जे ओरडणं वाटेल ते आम्हाला साधं बोलणं वाटेल. आता रोज तसं ओरडायला शिकायचं.

परतताना रिक्षात ते काहीतरी म्हणाले. रस्त्यावर हॉर्न, बसेस, मला काही कळलं नाही. पूर्वीसारखं मी 'काय' म्हटलं असतं, पण त्या दिवशी माझ्याच्याने ते म्हणवलं नाही. घरी आल्यावर, चप्पल काढायच्या आधीच त्यांनी मला हात धरून जवळ ओढलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "म्हंजे त्या पोरीले ऐकूच नसन आलं. मी तर बोललो होतो वं. मले वाटलं, ऐकलं अन् उठून गेली."

तुला सांगते, इतक्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. चेहरा तसाच होता, दगडासारखा, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दिवाळीपासून ते मनात हेच धरून बसले होते की आपण सुनेला मनापासून काही बोललो आणि तिने उत्तरही न देता पाठ फिरवली. ऋषी तिकडे धरून बसला होता की बापाने तोंडातून शब्द काढला नाही. तू काय धरून बसली असशील, ते मी विचारत नाही. मी म्हटलं, आत्ता फोन लावू, सगळं सांगू. ते नाही म्हणाले. आजारी आहे म्हणून ऐकून घ्या, असं त्यांना नको होतं. जे बोललो ते मीच बोलणार, ऐकू जाईल असं बोलणार, तोवर ऋषीला काही सांगायचं नाही. त्यांनी मला शपथ घातली नाही, पण मी हो म्हटलं. तेव्हापासून फोनवर मी 'बरे आहेत' म्हणते.

मग त्यांनी सराव सुरू केला, आणि काही दिवसांत सोडूनही दिला. सोपं नव्हतं गं ते. सकाळी गच्चीवर उभं राहून, जमेल तेवढ्या मोठ्याने, जमेल तेवढा वेळ 'आ' म्हणायचं. मग वर चढवत न्यायचा आवाज, मग खाली उतरवायचा. मग पाठ केलेली वाक्यं म्हणायची. ज्या माणसाचा आवाज बाजाराने ऐकला त्याने गच्चीवर बाळासारखं 'आ' करायचं. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाया बघायच्या. पहिल्याच आठवड्यात मनोहरराव घाबरून वर आले, कोणाला काही झालं का म्हणून. दुसऱ्या दिवशी हे खाली उतरले आणि म्हणाले, उद्यापासून नाही. मी समजावलं, रागावले, डॉक्टरांचं नाव घेतलं. काही उपयोग झाला नाही.

मी तीस वर्षं पहिलीला शिकवलं. पहिलीत येणारं पोर पहिले काही दिवस रडतं. त्याला शिक्षणाचं महत्त्व सांगून ते थांबत नाही. ते थांबतं ते रोज त्याच वेळी, त्याच दारातून, त्याच बाकावर बसवल्याने. एके दिवशी ते आईचा हात सोडून आपणच जाऊन बसतं, आणि ते कोणत्या दिवशी झालं हे ना आईला सांगता येतं ना मास्तरणीला. घरात नवऱ्यासमोर मला हे आठवायला वेळ लागला. मग मी बोलणं बंद केलं. सकाळची गोळी झाली, चहा झाला की मी त्यांची खुर्ची उचलायची, गच्चीवर नेऊन ठेवायची आणि स्वतः पाण्याच्या टाकीजवळ, अगदी दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहायची. 'या' म्हणायचं नाही. ते आले तर आले. नाही आले तर थोडा वेळ उभी राहून खुर्ची घेऊन खाली यायचं आणि कणीक मळायला घ्यायची. पहिले दोन-तीन दिवस ते आले नाहीत. मग एकदा आले, बसले, काही केलं नाही, ऊन खाऊन खाली गेले. पुढच्या दिवशी 'आ' म्हणाले. माझ्यापर्यंत ऐकू आलं तर मी हात वर करायची, नाही आलं तर नाही. एवढंच ठरलं होतं आमच्यात. कधी माझा हात वर जायचाच नाही आणि ते संतापून पुन्हा म्हणायचे. संतापात आवाज चांगला निघायचा, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मनोहररावांचं मात्र मला नवल वाटतं. त्यांना आजाराचं कळल्यावर ते काही सांत्वनाला आले नाहीत. एके दिवशी गच्चीवर पेपर घेऊन आले आणि म्हणाले, "गणपतराव, जरा वाचून दाखवा गा, माह्या चष्म्याची काडी तुटली." तेव्हापासून रोज येतात. चष्मा दुरुस्त होऊन कधीच आला असेल, पण ते तो वर आणत नाहीत. ह्यांनी हळू वाचलं की म्हणतात, ऐकू नाही आलं, आणि हे पुन्हा वाचतात. एकाच बातमीवर दोघं अर्धा तास असतात. मी टाकीजवळ उभी राहून राजकारणाच्या बातम्या ऐकते.

भाद्रपदात काटोलला ह्यांचे चुलतभाऊ गेले. तेराव्यापर्यंत आम्ही तिकडेच राहिलो. माणसांनी भरलेलं घर, दुःखाचे दिवस, तिथे कोण गच्चीवर जाऊन 'आ' करणार. परत आलो तोवर आवाज पुन्हा तळाला गेला होता. मी हात वर करायची वाट बघत उभी, आणि ओठ फक्त हलताहेत. ते फार खचले. मला म्हणाले, एवढं करून जर असं जाणार असेल तर करायचं कशाला. वंदना मॅडमकडे गेलो, त्यांनाही त्यांनी हेच विचारलं. त्या म्हणाल्या, काका, तुम्ही रोज दात घासता, ते एकदाचे स्वच्छ झाले म्हणून सोडता का? हे औषध नाही, संपलं की बरं वाटेल असं. हे दात घासणं आहे. ह्यांना ते पटलं की नाही कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी खुर्ची त्यांनी स्वतः उचलली.

दिवाळी होऊन गेल्यावर मला ताप आला, डेंग्यू असेल अशी भीती होती, नव्हता. पण आठवडाभर उठता येत नव्हतं. पहिल्या सकाळी मी पडल्या पडल्या विचार करत होते की आज खुर्ची वर जाणार नाही, आणि एकदा मोडलं की पुन्हा बसवायला किती दिवस लागतील. चहा त्यांनीच केला, मला दिला, गोळी घेतली. मग काही वेळाने जिन्यावर पावलं ऐकू आली. आणि छतावरून 'आ' आला. मी खोलीत, दार लोटलेलं, पंखा चालू, आणि तरी ऐकू आला. तिथे हात वर करून सांगणारं कोणी नव्हतं. ते एकटेच म्हणत होते, थांबत होते, पुन्हा म्हणत होते. मी उशीत तोंड खुपसून रडले. मला बरं वाटायला लागल्यावरही मी दोन दिवस मुद्दाम वर गेले नाही, नुसती ऐकत राहिले. गेल्या महिन्यात आम्ही त्या चुलतभावांच्या वर्षश्राद्धाचं ठरवायला काटोलला निघालो तेव्हा कंडक्टर एसटीच्या पुढच्या टोकाला होता. ह्यांनी बसल्या जागेवरून सांगितलं, दोन काटोल. त्याने मान वर केली आणि दोन तिकिटं फाडली. काय, असं विचारलं नाही. ते माझ्याकडे वळले नाहीत, खिडकीबाहेर बघत राहिले, पण त्यांच्या गुडघ्यावरचा हात मी पाहिला. त्याची मूठ घट्ट आवळलेली होती.

हे सगळं छान छान म्हणून मी तुला लिहीत नाही. आजार पुढे सरकतो आहे. डॉक्टरांनी गोळी वाढवली आहे. चालताना दाराच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, मग मी म्हणते 'चला, मोठं पाऊल', आणि ते मोठं पाऊल टाकतात. जेवताना कधी ठसका लागतो आणि मी ताटावरून उठून उभी राहते. आवाज सकाळची गोळी घेतल्यानंतर चांगला असतो, दुपारनंतर विरत जातो, संध्याकाळी आम्ही फारसं बोलत नाही, शेजारी बसतो. डॉक्टर स्पष्टच म्हणाले की सराव केल्याने आवाज टिकेल, पण किती वर्षं टिकेल ते सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्याच वेळी जिना चढले.

आता मी हे तुला का लिहिते आहे ते सांगते. वंदना मॅडमनी त्यांना सांगितलं होतं की सरावासाठी वाक्यं तुमची तुम्ही निवडा, जी तुम्हाला खरोखर कोणाला तरी म्हणायची आहेत. त्यांनी चहाचं एक निवडलं, औषधाच्या दुकानातलं एक, एसटीतलं एक. आणि सगळ्यात शेवटी ते एक वाक्य म्हणतात, ज्यात तुझं नाव आहे. तेच, जे त्या दिवाळीत तू वाकली होतीस तेव्हा त्यांनी म्हटलं होतं. रोज म्हणतात. मनोहरराव त्या वेळी पेपर घडी करतात आणि खाली निघून जातात, मी टाकीकडे तोंड करून उभी राहते. मला ते पाठ झालं आहे, पण मी ते इथे लिहिणार नाही, ते माझं नाही. काल त्यांनी मला विचारलं की ऐकू जाईल का आता हैदराबादपर्यंत. मी म्हटलं, जाईल. येत्या रविवारी सकाळी चहानंतर ते तुला फोन करणार आहेत, ऋषीला नाही, तुला. आजाराचं मी तुला सांगितलं हे त्यांना माहीत नाही. त्यांनी ऋषीला सांगू नको म्हटलं होतं, तुझं नाव घेतलं नव्हतं, आणि मी तेवढ्याच आधारावर हे पत्र टाकते आहे. तू रागावलेली असशील तर रागावलेली राहा, त्यांना काय उत्तर द्यायचं ते तुझं तू ठरव. फक्त फोन उचल. सुरुवातीला काहीच ऐकू येणार नाही. ठेवू नकोस. ते श्वास भरून घेत असतील.

तुझीच,
तारा